वयाचा रकाना

बर्फाच्या कारखान्यावरची खोली, वेंगुर्ला बंदर.
लुर्दीन मॅडम दर तीन महिन्यांनी
नवा फॉर्म पुढे सरकवतात.
नाव : तन्मेश. वडील ट्रॉलरवर, तिथे रेंज नसते,
माझाच नंबर लिहिला.
मग वय.
तिथे पेन थांबलं.
खाली लादी फोडत होते, पायाखालची फरशी हादरत होती,
आणि तन्मेश खिडकीतून होड्यांचे नंबर वाचत होता,
मोठ्यानं, एकामागून एक,
दुसरी मुलं पाढे म्हणतात तसे.

बाकावर खतीबांची सून,
पहाटे निघालेली, दोन एसट्या बदलून.
मांडीवर तहुरा. आईच्या ओढणीची झालर
डोळ्यांसमोर धरून हलवतेय, हलवतेय.
"अडीच झाली हो," ती मला म्हणाली,
"उशीर झाला का आम्हाला?"
मी फॉर्म पालथा घातला.

माझाही अडीच वर्षांचा होता
तेव्हा एसटी होतीच की रस्त्यावर.
सासू म्हणाली, "बापूस पण चार वर्सांनी बोललो."
देवळात कौल लावला, उजवा मिळाला.
त्या उजव्या कौलावर मी चार वर्षं काढली.
मग शाळेनं पाठवून दिला.
मग ओरोसला एकानं कान तपासले,
ऐकू येतं म्हणाला, पाचशे घेतले.
मग करोना, मग होडीचं इंजिन, मग सासूचं आजारपण.
अकरा वर्षं अशीच जातात.
त्यांत कोणी वाईट नसतं.

कोपऱ्यात उल्हास, चौतीस वर्षांचा.
दाढी भावानं केलेली, हनुवटीखाली थोडी राहिलेली.
आई गेली, आणि मग घरात कळलं
की त्याची तहान फक्त तिलाच कळायची.
आता तो चित्रं शिकतोय :
तांब्या. पंखा. डोकं दुखतंय.
मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं,
सकाळी उठल्यावर याला काय आवडतं?
भाऊ बराच वेळ चपलेकडे बघत राहिला.

मी एकदा विचारलं होतं, लवकर आणला असता तर?
त्या खोटं बोलल्या नाहीत.
"लवकर बरं असतं," म्हणाल्या,
"पण आज सोमवार आहे, आणि तो आज आलाय."
रापणीचा दोर ओढायला मागून आलेल्यालाही
मूठभर मासळी मिळते, हे मला ठाऊक आहे.
मूठभर. हेही ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी मी त्याचे हात दाबून बसले होते,
फडफडू नयेत म्हणून,
लग्नात, दवाखान्यात, जत्रेत दाबते तसे.
"सोडा," मॅडम म्हणाल्या, "ते त्याचे आहेत."
मी तर तेच थांबवायला आले होते.

तीन महिन्यांत तीन कार्डं.
पाणी. बाहेर. नको.
'नको'वर लाल पंजा आहे.
ते कार्ड तो मुठीत घेऊन झोपतो.

काल रात्री बांगडा वाढला.
काटे काढले, भातात कालवून घास केला.
त्यानं माझं मनगट बाजूला सारलं,
कार्ड ताटाच्या कडेशी ठेवलं,
आमटी लागू नये इतक्या जपून,
आणि होड्यांचे नंबर वाचतो त्याच आवाजात म्हणाला,
"नको."

इतकी वर्षं, गाबताच्या घरात,
मी रोज काटे काढून भरवत आले.
त्याला बांगडा आवडतच नव्हता.

तहुराची आई अजून माझ्याकडे बघतेय.
काय सांगू तिला?
तिच्या हातात झालरीचं दुसरं टोक दिलं.
फॉर्म सरळ केला.
वय : अकरा.
आणि कडेला, तिथे जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरात :
अंडं चालतं.